काचवाल्यांच्या गाडीतली टिकटिक

१

काचवाले गाडीत गेले आणि गाडीतच राहिले, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं.

यातला पहिला भाग खरा होता. दोन महिन्यांपूर्वी, थंडीतल्या एका सकाळी, ते आपल्या जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगमागे बसल्या बसल्याच गेले. अंगावर ओरखडा नाही, चेहऱ्यावर वेदना नाही. डॉक्टरांनी नाडी बघितली, वय विचारलं आणि हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. दुसरा भाग त्यांची सून गॅरेजात उभी राहून सांगत होती. सांगताना अर्धी हसत होती, अर्धी घाबरत होती.

"गाडीतून टिकटिक येते. नखानं काचेवर वाजवावं तशी. सासरे प्रत्येक काच घेण्याआधी तसंच करायचे. नखानं वाजवायचे, कान लावायचे, आत तडा आहे का बघायचे. आई म्हणतात, ते आतून वाजवताहेत."

गॅरेज वडिलांनी उभं केलेलं, आता मुलगी चालवत होती. गावात तिला कानवाली म्हणत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, आतला कुठला भाग कुरकुरतोय ते ती सांगायची. घरी आठ महिन्यांचं बाळ होतं. गोलमटोल म्हणून सगळे त्याला गोळा म्हणत. त्याच्या दुधाच्या वेळा सांभाळून तिचं गॅरेज उघडायचं आणि बंद व्हायचं.

"आधी कोणाला दाखवलीत?"

"तिघांना. एकानं तेल बदललं, एकानं इंजिनातले टॅपेट सेट केले. तिसरा म्हणाला, सासूबाईंना डॉक्टरला दाखवा."

कानवालीनं बॉनेट वर केलं, इंजिनाला सात ठिकाणी कान लावला. म्हाताऱ्या मांजरीसारखं ते आपलं शांत गुरगुरत होतं. टिकटिक नव्हतीच.

"इथवर यायला किती वेळ लागला?"

"वीसेक मिनिटं. शिवाय निघण्याआधी थांबलो तो वेळ वेगळा."

"थांबलात कशाला?"

"टिकटिक थांबेपर्यंत गाडी हलवायची नाही, ही घरातली शिस्त आहे. सासऱ्यांनीच घालून दिलेली. थंड इंजिन झटके देतं, आणि मागे काचा असतात."

कानवालीनं बॉनेट खाली केलं. "म्हणजे आवाज घरी संपवून मग गाडी आम्हाला दाखवता. उद्या आणू नका. मीच सकाळी येते. मी येईपर्यंत किल्लीला कोणी हात लावायचा नाही."

सून मान हलवून निघाली. जाताना कपाळ चोळत होती.

"डोकं दुखतंय?"

"सकाळचंच. बाहेर पडलं की उतरतं." ती दाराशी थांबली. "ताई, आवाज नुसता आईंना आला असता तर मी आले नसते. मलाही येतो. आणि काल मी एकटीच गाडीत बसले होते, तेव्हा शेजारच्या सीटवर कोणीतरी श्वास घेत होतं."

२

शेड घराला लागूनच होती. आत पाऊल टाकताच कानवालीला स्वतःचीच दहा रूपं दिसली. भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचा जुन्या, काही धुरकट, आणि प्रत्येकीत ती जरा वेगळी, जरा फिकट. चारही खिडक्या बंद. कडांची पुट्टी इतक्या सफाईनं भरलेली की मुंगीलाही वाट मिळू नये. मध्ये निळी पिकअप, तिच्या अंगाला काचा उभ्या करायचा लाकडी सांगाडा. दाराजवळ एक जुनी रजई घडी करून ठेवलेली होती. तिची एकच कड चिखलानं काळी झाली होती.

"कानवाली ती तूच का?" काचवाल्यांची बायको नातीला कडेवर घेऊन बाहेर आली. नात तीन वर्षांची, तिला ठमी म्हणत. "कान तर चारचौघींसारखेच आहेत."

"आतून वेगळे असतील, काकू."

काकूंना उत्तर आवडलं असावं. त्या गाडीच्या पायरीवर टेकल्या. "रोज सकाळी मी गाडी चालू करते. मुलगा म्हणाला, नाहीतर बॅटरी उतरेल. किल्ली फिरवण्यापलीकडे मला काही येत नाही. दार लावते, हिटर लावते, बसून राहते. टिकटिक सुरू होते. मग डोळे जड होतात आणि हे शेजारी येऊन बसतात. बोलत नाहीत. तसेही कुठे फार बोलायचे."

"भीती नाही वाटत?"

"नवऱ्याची? आता?"

"ते गेले त्या दिवशी कसे होते?"

काकूंनी ठमीचे केस मागे सारले. "तू बघायला हवं होतंस. गालांवर काय लाली होती. लग्नाच्या फोटोतसुद्धा एवढी नाही."

मुलगा कामावर निघाला होता, तो एक पाय दारात ठेवूनच बोलला. "मला विचाराल तर ही गाडी विकून टाकावी. आई रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ बसते. बाबांना काही झालेलं नव्हतं हो. आदल्या दिवशी चार माणसांची काच दोघांनी उचलली. गाडीला शेवटचा पान्हा कोणी लावला, ते लंबूकाकांना विचारा."

"विचारा की." मागून आवाज आला. काचवाल्यांचा वीस वर्षांपासूनचा भागीदार दाराच्या चौकटीत वाकून उभा होता. उंच माणूस, हातावर काचेचे जुने व्रण. "आणि गाडी विकायची घाई दादा होते तेव्हापासून कोणाला होती, तेही विचारा."

"लंबूभाऊजी, पोरीसमोर नको," काकू म्हणाल्या.

कानवाली गाडीत बसली. हिटरचा खटका शेवटपर्यंत फिरवलेला. आत विझलेल्या कंदिलासारखा वास, अगदी पुसट. ऊन अडवायची झापड तिनं खाली ओढली, तर मागे पेन्सिलीनं आकडे लिहिलेले, एकाखाली एक. चार. पाच. सात. दहा. चौदा. एकोणीस.

"काचांची मापं असतील," मुलगा म्हणाला. "इंचात."

लंबूनं मान आत घालून बघितलं. "काचेचं एकच माप कोण लिहितं? लांबी नि रुंदी, जोडीनंच लिहायचं असतं. दादांनी आयुष्यात एकेरी आकडा लिहिला नाही." तो जरा थांबला. "अक्षर त्यांचंच आहे पण."

"मोजताहेत काहीतरी," काकू हळूच म्हणाल्या. "वाढतंय ते."

कानवालीनं शेडचं दार सताड उघडायला लावलं आणि किल्ली फिरवली. एक क्षण नुसतं इंजिन ऐकू आलं.

मग आतून कोणीतरी नखानं वाजवायला लागलं. टिक. टिक. टिक.

३

सून भिंतीला टेकली. ठमीनं मात्र हात वर केला आणि हवेत त्याच तालात बोट वाजवलं.

कानवाली खाली उतरली. तिनं रबरी नळीचा हातभर तुकडा काढला, एक टोक कानात धरलं आणि दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवत नेलं, गोळा रडला की कुठे दुखतंय ते हातानं चाचपावं तसं. पुढे शांत. मध्ये शांत. अगदी मागे, जिथे इंजिन संपतं आणि माणसं बसतात ती बाजू सुरू होते, तिथे नळीतून गरम फुंकर थेट कानात आली. टिक.

"इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा हा बिडाचा पाइप," ती म्हणाली. "बोल्टांनी इंजिनाला आवळलेला असतो. शेवटचा बोल्ट तुटलाय. त्या फटीतून धूर फुंकर मारतो, तोच आवाज. लोखंड तापलं की फुगतं, फट मिटते आणि आवाज जातो. म्हणून गॅरेजात तो कोणालाच ऐकू आला नाही."

तिनं तुटक्या बोल्टाभोवती बोट फिरवलं. बोटाला पांढरा, जळका भुगा लागला. "आणि ही पुट्टी आहे. खिडकीची. इंजिनाला पुट्टी कोणी लावली?"

मुलानं लंबूकडे बघितलं. लंबूनं जमिनीकडे.

"बोल्ट माझ्या हातून तुटला," शेवटी तो म्हणाला. "पाइप नि इंजिनाच्या मधलं पत्र्याचं पॅकिंग खराब झालं होतं, ते मीच बदललं. मेकॅनिककडे कशाला जायचं, म्हटलं. शेवटचा आवळताना मुंडी हातात आली. दादांना सांगितलं तर हसले. म्हणाले, आपण काचवाले, फट दिसली की भरायची. त्यांनीच अंगठ्यानं पुट्टी भरली. चार दिवस टिकली असेल."

"आणि तुम्ही दोन महिने गप्प?" मुलगा म्हणाला.

"तुझी नजर बघून तोंड उघडलं नाही रे."

कानवालीला हायसं वाटलं. भूत नव्हतं, घातपात नव्हता, एक बोल्ट होता. गोळ्याच्या दुधाची वेळ टळत आली होती. हात पुसता पुसता ती म्हणाली, "जुना तुकडा कोरून काढावा लागेल. सामान मिळायला दोन दिवस जातील. तोवर घाबरण्यासारखं काही नाही."

हे वाक्य तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

काकूंनी विचारलं, "बोल्ट बसवलास की टिकटिक जाईल?"

"पूर्ण."

"म्हणजे दोनच सकाळी उरल्या," काकू म्हणाल्या, आणि ठमीला घेऊन आत गेल्या.

४

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गोळा पोटभर पिऊन मांडीवर झोपला. दुलईच्या उबेनं त्याचे गाल लाल झाले होते. कानवाली नुसती बघत बसली. दिवसभरात एवढीच वेळ तिच्या मालकीची. तिनं वाकून त्या गालाला ओठ टेकवले.

लाली.

ती तशीच वाकलेली राहिली. थंडीतली सकाळ, गेलेला माणूस, आणि गालांवर लग्नात नव्हती एवढी लाली. गेलेल्या माणसाचा चेहरा पांढरा पडतो. लाल कशानं होतो, हे तिला वडिलांनी ती पान्हे पुसायच्या वयाची असतानाच सांगितलं होतं, आणि म्हणूनच त्यांच्या गॅरेजाला कधी मागची भिंत नव्हती.

मग बाकीचं आपोआप येऊन बसत गेलं. डोकेदुखी, जी बाहेर पडलं की उतरते. जड होणारे डोळे. शेजारी ऐकू येणारा श्वास, जो आपलाच असतो. शेवटपर्यंत फिरवलेला हिटर. पुट्टीनं बुजवलेल्या खिडक्या. आणि ते आकडे. काचेचं माप जोडीनं असतं, मिनिटं मात्र एकेरी लिहितात. टिकटिक थांबायला लागणारी मिनिटं. फट मोठी होत गेली तशी चाराची एकोणीस झाली, आणि टिकटिक थांबेपर्यंत गाडी हलवायची नाही ही शिस्त. ज्या वेळात गाडी विष ओकायची, नेमका तेवढाच वेळ तो माणूस आत दार लावून बसायचा.

आणि काल काकू म्हणाल्या होत्या, दोनच सकाळी उरल्या.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

"आई, याला घे."

"अगं, केस तरी बांध."

तोवर ती जिन्यात होती. स्कूटर सुरू करताना हातात फक्त एक पान्हा होता, आणि तो कधी उचलला हे तिला आठवत नव्हतं.

काचवाल्यांच्या अंगणात सगळं जागच्या जागी होतं. मुलगा कामावर गेलेला. न्हाणीघरातून पाण्याचा आणि सुनेच्या गुणगुणण्याचा आवाज. शेडचं दार बंद. दाराखालच्या फटीत आतून कोंबलेली रजई. आणि आत, शांतपणे, न चुकता, कोणीतरी काचेवर नख वाजवत होतं.

तिनं दार ओढलं. आतून कडी.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना काचा बसवणाऱ्या त्या माणसाच्या खिडकीत तिनं पान्हा घातला. काच फुटली, पुट्टी मात्र चौकट सोडेना. हात कापून घेत ती आत शिरली. फुटक्या काचेच्या उजेडात पिकअप दिसली. काकू स्टिअरिंगमागे मान टाकून बसल्या होत्या. मांडीवर ठमी, डोळे मिटलेले, एक हात काचेवर टेकवलेला. दोघींच्या गालांवर गोड, गुलाबी लाली.

कानवालीनं किल्ली फिरवली. टिकटिक थांबली.

ठमीचाही आवाज येत नव्हता.

५

दवाखान्यात पहिल्यांदा ठमीच रडली. तोंडावरचा मास्क ओढत, घसा फोडून. बाहेरच्या बाकावर बसलेल्या सुनेनं तो आवाज ऐकला आणि ओंजळीत तोंड लपवलं. काकूंना शुद्धीवर यायला आणखी अर्धा तास लागला.

डॉक्टर तेच होते, काचवाल्यांचं हृदय बंद पडलं असं लिहून देणारे. कानवालीनं बाकावर बसून, बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून, सगळं सांगितलं. फटीतून निघणारा धूर. गाडीच्या आतल्या पत्र्याला हिटरच्या नळीसाठी पाडलेलं भोक, ज्याचं रबर वाळून गळून गेलं होतं. हिटरचा पंखा, जो तोच धूर आत ओढत होता. त्या धुरात एक वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. तो आधी डोकं दुखवतो, मग भास दाखवतो, मग झोपवतो.

"मला एक कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "मला बोलावलं तेव्हा ते घरात खाटेवर होते. इंजिन चालू होतं असं कोणी बोललं नाही. नाहीतर मी हृदय लिहिलं नसतं."

"बंदच होतं," मुलगा म्हणाला. "आईनं हाक मारली, मी धावलो तेव्हा किल्ली बंद होती."

"मी बंद केली." काकू आतल्या खाटेवरून बोलल्या. आवाज चिरका, पण स्पष्ट. "मी आधी गेले. यांना हाक मारली. मग किल्ली बंद केली. गाडी उगाच चालू ठेवलेली त्यांना चालायची नाही."

"आई, दोन महिन्यांत एकदाही बोलली नाहीस तू."

"कोणी विचारलंच नाही."

लंबू भिंतीला पाठ लावून खाली बसला होता. "म्हणजे मीच."

"बोल्ट जुना होता, कोणाच्याही हातून तुटला असता," कानवाली म्हणाली. "ते मिनिटं मोजत होते. काहीतरी बिघडत चाललंय हे त्यांना कळत होतं, फक्त कशाचं, ते नाही कळलं. आणि काल सगळं डोळ्यांसमोर असून, घाबरण्यासारखं काही नाही, असं मी सांगून गेले. आज काही झालं असतं तर ते माझं होतं."

मुलगा उठला, पाण्याचा पेला भरून आणला आणि लंबूच्या पुढ्यात धरला. "घ्या काका. सकाळपासून घशाखाली काही गेलं नसेल."

आतून ठमीनं बिस्किट मागितलं.

कानवालीनं एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती.

६

चार दिवसांनी तिनं तुटका बोल्ट कोरून काढला, नवा बसवला, नवं पॅकिंग घातलं, पत्र्याच्या भोकाला नवं रबर लावलं. शेडचं दार सताड उघडं होतं. फुटक्या खिडकीत अजून काच नव्हती. लंबू मापं घेऊन गेला होता, जोडीनं लिहून.

काकू गाडीत बसल्या, दोन्ही दारं उघडी ठेवून. सुनेनं ठमीला अंगणातच धरून ठेवलं होतं. कानवालीनं किल्ली फिरवली. थंड इंजिन एकदा थरथरलं आणि नीट चालू लागलं. त्यात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. काकूंनी मान तिरकी करून बराच वेळ ऐकलं.

"गेले," त्या म्हणाल्या.

कानवालीनं इंजिन आणखी थोडा वेळ चालू ठेवून तपासलं. मग बंद केलं.

"त्या दिवशी वारं होतं," काकू समोर बघत म्हणाल्या. "दाराखालून गार झोत यायचा. हे आत बसलेले, छातीला कफ झालेला. मी घरातून रजई आणली आणि बाहेरून फटीत नीट दाबून बसवली. कुठून वारा शिरत नाही ना, हात फिरवून बघितलं." त्यांनी हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवशीच दिसली होती रजई. एकाच कडेला चिखल होता. कोणीतरी ती अंगणातून फटीत दाबली होती, हा अर्थ नंतर लागला."

"मग दवाखान्यात सगळ्यांसमोर सगळं सांगितलंस, हे का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही, काकू."

काकूंच्या तोंडावर हसू आलं की दुसरं काही, ते ओळखता आलं नाही. "आता मी विचारते. रजई नसती तर?"

कानवाली पायरीवर बसली. खोटं बोलायचं तिनं मनात आणून बघितलं. घरी गोळ्याच्या पायांवर ती रोज पांघरूण ओढते, ते तिला आठवलं.

"कदाचित वाचले असते," ती म्हणाली. "कदाचित आणखी एक सकाळ. फट वाढतच होती, आणि ते थांबणारे नव्हते."

काकूंनी मान हलवली. रडल्या नाहीत. वाकून त्यांनी समोरच्या काचेवर नखानं दोनदा वाजवलं आणि कान लावला, आयुष्यभर शेजारी उभं राहून बघितलं होतं तसं.

आणि उत्तर आलं. टिक.

अंगणात सून ताठ झाली. पुन्हा, जरा सावकाश. टिक. टिक.

"इंजिन थंड होतंय, काकू. तापलेलं लोखंड आकसतं. सगळ्याच गाड्यांचं होतं."

"कळलं मला," काकू म्हणाल्या. "तू जा. तुझं बाळ वाट बघत असेल."

कानवालीनं हत्यारं गोळा केली. दाराशी पडलेली रजई उचलून बाहेर उन्हात दोरीवर टाकली. फाटकापाशी पोचल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. पिकअपची दोन्ही दारं उघडी होती आणि काकू आत सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर. टिकटिक हळूहळू विरळ होत होती.

ती पूर्ण थांबेपर्यंत काकू हलल्या नाहीत. मग उतरल्या आणि ठमीला घ्यायला अंगणात आल्या.